तोड चालू असलेल्या सरकारी जंगलात सहल न्यायची असेल तर

अशा जंगलात पहिल्यांदा बावीस मुलांना घेऊन गेले तेव्हा फाटकालाच कुलूप होतं. महिनाभर आधी वनखात्याच्या कार्यालयात फोन केला होता, "हो, या की" असं उत्तर मिळालं होतं, आणि त्या भरवशावर मी निघाले होते. मधल्या काळात तोडीचं काम एका कूपातून, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या पट्ट्यातून, दुसऱ्यात सरकलं होतं आणि आमची ठरलेली वाट नेमकी त्या दुसऱ्या कूपातून जात होती. आदल्या दिवशी परत फोन केला असता तर कळलं असतं. वळसा घालून दुसऱ्या फाटकाने आत शिरलो आणि अर्ध्या तासात नुसते बुडखे उरलेल्या उघड्या रानासमोर उभे राहिलो. एका मुलीने विचारलं, "ही झाडं कुणी मारली?" मला धड उत्तर देता आलं नाही.

त्यानंतर बऱ्याच खेपा झाल्या. तुम्ही शाळेचा गट नेणार असाल, घरचीच चार माणसं असाल किंवा एकटे भटकायला निघाला असाल, पुढचं वाचून निघालात तर माझ्यासारखी फजिती होणार नाही.

१. हे जंगल कसलं आहे ते आधी समजून घ्या

बाग म्हणजे माणसांसाठी सजवलेली जागा. अभयारण्य प्राण्यांसाठी राखलेलं. तिसरा प्रकार उत्पादनाच्या जंगलाचा: मालकी सरकारची, म्हणजे लोकांची, आणि त्यातून ठरावीक हिशेबाने लाकूड काढलं जातं, पुन्हा लावलं किंवा उगवू दिलं जातं. त्याच जंगलात पायवाटा असतात, लोक तंबू ठोकतात, विद्यार्थी वह्या घेऊन हिंडतात. एकाच जमिनीवर ही सगळी कामं चालतात, आणि गोंधळही तिथूनच सुरू होतो.

हिशेबाने तोडायची कल्पना तशी जुनी. जर्मनीतल्या सॅक्सनीत चांदीच्या खाणींना आणि भट्ट्यांना लाकूड पुरेना, तेव्हा तिथल्या खाणखात्यातले अधिकारी हान्स कार्ल फोन कार्लोविट्झ यांनी १७१३ मध्ये लिहून ठेवलं की जेवढं परत उगवेल तेवढंच काढावं. आपल्याकडे केरळातल्या निलांबूरला मलबारचे कलेक्टर कॉनोली यांनी १८४० च्या दशकात सागाची लागवड सुरू केली. त्या लागवडीतली काही झाडं अजून उभी आहेत आणि लोक ती बघायला जातात. कॅलिफोर्नियाच्या मेंडोसिनो भागात जॅक्सन नावाचं राज्य सरकारचं रेडवूडचं जंगल आहे. शास्त्रीय पद्धतीने तोड कशी करावी हे प्रत्यक्ष करून दाखवण्यासाठीच ते राखलेलं आहे, आणि तिथे लोक मुक्कामालाही जातात.

प्रत्येक झाडाचं चक्र वेगळं. कागदाच्या लगद्यासाठी लावलेला निलगिरी सहा ते दहा वर्षांत निघतो. साग पन्नास ते ऐंशी वर्षं उभा राहतो. युरोपातला ओक शंभरी सहज ओलांडतो. म्हणून असं जंगल एकाच वयाचं कधी दिसत नाही: इथे गुडघाभर रोपं, पलीकडे दाट कोवळं रान, त्याच्या मागे विरळणी झालेली, म्हणजे मधली काही काढून विरळ केलेली, उंच झाडं, आणि मधेच एक टक्कल. हा सगळा क्रम 'कार्य आयोजना' नावाच्या दस्तऐवजात पुढच्या कित्येक वर्षांसाठी लिहून ठेवलेला असतो. कार्यालयात विचारलंत तर तुमच्या वाटेवरच्या भागात काय ठरलंय ते सांगतात.

२. परवानगी काढताना हे प्रश्न विचारा

"येऊ का?" एवढं विचारून भागत नाही, कारण त्याला उत्तर बहुधा 'हो' असंच येतं. मी आता फोनवर हे विचारते:

• आम्ही येऊ त्या दिवशी तोड, विरळणी, फवारणी किंवा जाळरेषांचं (आग पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे) काम कोणकोणत्या कक्षात, म्हणजे जंगलाच्या क्रमांक दिलेल्या भागात, चालू असेल?
• लाकडाचे ट्रक कोणत्या रस्त्याने जातात, साधारण किती वाजता?
• कोणतं फाटक उघडं असेल? परतताना ते बंद तर होणार नाही ना?
• शिकारीला परवानगी असलेला प्रदेश असेल तर हंगाम चालू आहे का?
• आगीच्या धोक्यामुळे सध्या कसली बंदी आहे?
• सोबत कुणी वनरक्षक किंवा माहिती देणारा माणूस मिळेल का?

उत्तरं कुणी दिली ते नावासकट लिहून ठेवा. मग आदल्या दिवशी दुपारी त्याच माणसाला पुन्हा फोन करा. काम एका पावसाने थांबतं, एखादं यंत्र बिघडलं की दुसऱ्या कक्षात हलतं. महिन्यापूर्वीची माहिती त्या महिन्यापुरतीच खरी होती, असं धरून चाला.

गट असेल तर लेखी परवानगी घ्याच. एकट्यादुकट्या फिरणाऱ्याला बऱ्याच ठिकाणी ती लागत नाही. पण मुक्काम, शेकोटी, सायकल, घोडा, कुत्रा, ड्रोन, सरपण किंवा अळंबी गोळा करणं या प्रत्येकाचा नियम वेगळा असतो. पायी जायला मोकळीक आहे म्हणजे सगळ्यालाच आहे, असा समज करून घेऊन दंड भरणारे लोक मी पाहिलेत.

बरोबर ठेवायची कागदपत्रं:

• परवानगीचं पत्र, छापील. आत रेंज नसते, फोनमधलं पत्र ऐनवेळी उघडत नाही.
• सगळ्यांची यादी, प्रत्येकाच्या घरचा एक नंबर धरून. दुसरी प्रत जंगलाबाहेरच्या एका जबाबदार माणसाकडे.
• मुलं असतील तर पालकांचं संमतिपत्र. त्यात दमा, मधमाशीची ॲलर्जी, चालू औषधं यांसाठी वेगळी ओळ ठेवा.
• गटप्रमुखाचं ओळखपत्र आणि गाड्यांचे नंबर.
• विमा मागत असतील तर त्याची प्रत. हे आधी विचारा, तो एका दिवसात मिळत नाही.

३. दिवस आणि वाट

सुट्टीच्या दिवशी तोड बहुतेक बंद असते, म्हणून नुसतं फिरायला तो दिवस बरा. पण काम बंद असलं तरी रचलेले ओंडके, अर्धवट कापलेली झाडं आणि उभी यंत्रं तिथेच असतात, आणि हटकायला कुणी नसतं. उलट तोड बघायचीच असेल तर कामाचा दिवस घ्या, पण तेव्हा खात्याचा माणूस सोबत हवाच. तो नसेल तर तो बेत सोडा.

वाट निवडताना मुलांसाठी मनात येईल त्याच्या निम्मी ठेवा. पाच किलोमीटर ठरवले असतील तर अडीच. जंगलात बघायला थांबणं हेच काम असतं, आणि वेळ खरा तिथे जातो.

फोनमधला नकाशा जंगलातले रस्ते दाखवतो, पण त्यातले कितीतरी रस्ते ओंडके ओढण्यापुरते काढलेले असतात आणि मधेच संपतात. कार्यालयातून कक्षांचा नकाशा घ्या. जंगल कक्षांत वाटलेलं असतं आणि कक्षाचा क्रमांक खांबावर, दगडावर किंवा झाडावर रंगवलेला असतो. चालताना दिसेल तो क्रमांक वेळेसकट वहीत टिपत जा. कुणाचा पाय मुरगळला आणि मदत बोलवायची वेळ आली, तर "मोठ्या झाडापाशी आहोत" असं सांगण्यापेक्षा कक्ष क्रमांक सांगितलेला केव्हाही बरा. वनकर्मचाऱ्यांच्या डोक्यात जंगल त्या क्रमांकांनीच मांडलेलं असतं.

४. सामान

घोट्यापर्यंतचे बूट, पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, पाणी, खाणं, प्रथमोपचाराची पेटी, टोकदार चिमटा, शिट्टी, विजेरी, छापील नकाशा, होकायंत्र. कपड्यांत एक तरी भडक रंगाचा असू द्या, यंत्रावर बसलेल्या माणसाला हिरवा-खाकी माणूस दिसत नाही. शिट्टीचा संकेत आधीच ठरवा: तीन शिट्ट्या, थांबून पुन्हा तीन, म्हणजे मदत हवी. शिकवण्यासाठी शिंप्याची टेप, सहा मीटर सुतळी, खडू, डबीभर टाचण्या आणि एक सरळ काठी. यापलीकडे महागडं काही लागत नाही.

५. धोक्याच्या जागा

इथे धोका जनावरांपेक्षा लाकडाचा जास्त. नवख्या माणसाला ते पटत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

रचलेले ओंडके. रस्त्याकडेला ओंडक्यांचा ढीग दिसला की मुलं त्यावर चढायला धावतात. मोठी माणसंही फोटोसाठी वर बसतात. ढीग भक्कम वाटतो, पण तो बहुधा बांधलेला नसतो. गोल ओंडके एकमेकांच्या वजनावर टेकलेले असतात. एक सरकला की वरचे सगळे गडगडतात, आणि एकेकाचं वजन कित्येक माणसांएवढं असतं. ढिगावर चढायचं नाही, त्याच्या उतरणीच्या बाजूला उभंही राहायचं नाही. ही सूचना मी गाडीतून उतरण्याआधीच देते, कारण उतरल्यावर कुणी ऐकत नाही.

पडणारं झाड. तोड चालू असेल तिथून निदान दोन झाडांच्या उंचीएवढं लांब राहायचं. तीस मीटरचं झाड असेल तर साठ मीटर. झाड पडताना शेजारच्याला घासतं, त्याची फांदी उडते, म्हणून एका उंचीवर भागत नाही. मोठी यंत्रं चालू असतील तर अंतर याहून बरंच जास्त लागतं. कापणीच्या साखळीचा तुकडा तुटला तर गोळीसारखा सुटतो. फलकावर लिहिलेलं अंतर तंतोतंत पाळा. ओंडके ओढणारी तार ताणलेली असेल तर तिच्या आसपासही फिरकू नका.

अडकलेली फांदी. मान वर करून बघायची सवय लावून घ्या. मोडलेली पण खाली न पडलेली फांदी, शेजारच्या झाडाला टेकलेलं अर्धं पडलेलं झाड, वाळून उभं असलेलं खोड: याखाली बसायचं नाही, तंबू तर मुळीच नाही. जोराचा वारा असेल त्या दिवशी जाऊच नका. नुकतीच विरळणी झालेल्या भागात पुढचे काही दिवसही जपून, कारण आजवर एकमेकांच्या आडोशाने वाढलेल्या झाडांना वारा आता पहिल्यांदाच अंगावर घ्यावा लागत असतो.

ट्रक. भरलेला ट्रक चटकन थांबत नाही. आवाज आला की रस्ता सोडून बाजूला व्हा, आणि वळणावर उभे राहू नका. लांब ओंडक्यांचं मागचं टोक वळताना रस्त्याबाहेर झुकतं.

आणि आपली गाडी. दोन चुका सगळेच करतात. पहिली, बंद फाटकासमोर गाडी लावणं: आग लागली तर बंब त्याच फाटकातून आत जायचा असतो. दुसरी, वाळक्या गवतावर गाडी उभी करणं: गाडीचा तापलेला सायलेन्सर गवत पेटवू शकतो.

६. आत गेल्यावर करायचं काय

झाडांची नावं पाठ करून घेणं हा सगळ्यात कंटाळवाणा कार्यक्रम, असं माझं मत झालंय. त्यापेक्षा मोजायला लावा. मोजायला लागलं की मुलं आपोआप झाडाला हात लावतात, त्याच्याभोवती फिरतात, भांडतात.

घेर. खोडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजतात. भारतात आणि अमेरिकेत ती उंची १.३७ मीटर धरतात, युरोपात बऱ्याच ठिकाणी १.३. तिथे खडूने खूण करा, मग टेप गुंडाळा. घेराला ३.१४ ने भागलं की जाडी. झाड उतारावर असेल तर वरच्या बाजूने मोजायचं, नाहीतर दोन गटांची उत्तरं जुळत नाहीत.

उंची. आपल्या डोळ्यापासून पुढे ताणलेल्या मुठीपर्यंत जेवढं अंतर, तेवढीच काठी मुठीच्या वर उभी धरा. बुंध्याचा तळ मुठीशी आणि शेंडा काठीच्या टोकाशी जुळेपर्यंत मागे मागे सरका. जुळलं की तिथून झाडापर्यंतचं अंतर म्हणजेच झाडाची उंची. सपाट जागी हे छान जमतं, उतारावर चुकतं. मागे सरकणाऱ्याच्या पाठीमागे एक जण उभा करा. सगळे वर बघत मागे जातात आणि खड्ड्यात पडतात.

गर्दी. हा माझा आवडता प्रयोग. ५.६४ मीटर सुतळी कापा, एक टोक मधे धरा, दुसरं टोक घेऊन गोल फिरा. त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ १०० चौरस मीटर होतं. आतली झाडं मोजून १०० ने गुणलं की हेक्टरी झाडांचा अंदाज निघतो. दोन-दोन मीटरवर लावलेल्या नव्या सागात वर्तुळात पंचवीसच्या आसपास रोपं येतात, म्हणजे हेक्टरी २,५००. मग म्हाताऱ्या सागात जाऊन तेच करा, तिथे दोन-चारच निघतील. बाकीची कुठे गेली हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात, आणि विरळणी म्हणजे काय हे सांगायला ती वेळ अचूक असते. काही झाडं काढली म्हणून उरलेल्यांना ऊन आणि पाणी मिळालं, आणि ती जाड झाली.

बुडखा. काम संपलेल्या भागातला, नीट कापलेला एक बुडखा शोधा. वरून थोडं पाणी ओता, लाकडातली वाढीची गोल कडी ठळक होतात. साग, ओक, पाइन अशा झाडांत दर वर्षाचं एक कडं ओळखू येतं. सदाहरित पावसाळी जंगलातल्या पुष्कळ झाडांत ते स्पष्ट नसतं, तिथे हा प्रयोग फसतो. सालीलगतचं कडं तोडीच्या वर्षाचं. तिथून आत मोजत जायचं, दर दहाव्या कड्यावर एक टाचणी. एकदा अकरा वर्षांच्या एका मुलाने स्वतःच्या जन्माच्या कड्यावर टाचणी लावली. ती सालीपासून जेमतेम चार बोटं आत होती, आणि उरलेला हातभर बुडखा त्याच्या जन्माआधीचा. तो बराच वेळ तिथून हलला नाही. आणखी एक गोष्ट बघायला शिकवा: बारीक, चिकटून बसलेली कडी चालू असतात आणि एकाएकी रुंद होतात. बऱ्याचदा त्या वर्षी आजूबाजूची झाडं काढलेली असतात. विरळणीची नोंद लाकडातच सापडते. वनरक्षक सोबत असेल तर त्याला विचारून ताडून बघा.

झाडांवरचे रंगाचे पट्टे आणि ओंडक्यांच्या कापलेल्या तोंडावर घणाने उठवलेले शिक्के यांचा अर्थही त्यालाच विचारा. कुठे रंग म्हणजे 'तोडा', कुठे 'राखा'. अंदाजाने सांगायला जाऊ नका. मी एकदा उलटं सांगून बसले होते.

७. उघड्या रानासमोर काय बोलायचं

त्या मुलीचा प्रश्न तुम्हालाही कुणीतरी विचारणार. टाळू नका, आणि सारवासारवही नको. माझं आताचं उत्तर साधारण असं असतं: ही झाडं लाकडासाठी तोडली. आपल्या घरातलं दार, वही, पलंग असल्याच कुठल्यातरी जंगलातून आलंय. साग आणि पाइन यांसारख्या झाडांची रोपं सावलीत खुरटतात, त्यांना मोकळं ऊन लागतं, म्हणून पट्टा सबंध मोकळा करतात. तसं करणं स्वस्त आणि सोपं पडतं, हेही खरं. बीच किंवा फरसारखी झाडं सावलीत वाढू शकतात, तिथे इथलं एक, तिथलं एक असं निवडून काढता येतं. कोणती पद्धत चांगली यावर वनवाल्यांमध्येही वाद आहेत, आणि मुलांना ते सांगायला हरकत नाही.

मग त्यांना त्या रानात काय शिल्लक आहे ते शोधायला लावा. बियांसाठी राखलेलं एखादं उंच झाड. ओढ्याच्या दोन्ही काठांनी न तोडलेला पट्टा, माती धरून ठेवायला आणि पाण्यावर सावली राहायला. सुतारपक्ष्यासाठी मुद्दाम सोडलेलं वठलेलं खोड. बुडख्याच्या कडेने फुटलेले धुमारे: साग असा फुटतो, रेडवूडही फुटतो, पाइन बहुतेक फुटत नाही. यातलं काहीच सापडलं नाही तर तेही वहीत लिहा आणि कार्यालयात विचारा. चांगलं विचारलं की चांगलं सांगतात, असा माझा अनुभव आहे.

८. परतताना

गाडीत बसण्याआधी डोकी मोजा, मग बूट झाडा आणि तळव्यांची माती ब्रशने काढा. मातीतून बिया आणि झाडांचे रोग एका जंगलातून दुसऱ्यात जातात. न्यूझीलंडमध्ये कौरी वृक्षांना मारणारा रोग मातीतूनच पसरतो, म्हणून तिथे वाटांच्या तोंडाशी बूट धुवायची सोय करून ठेवलीय.

घरी गेल्यावर गोचिडी बघा: गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांत. चिकटलेली असेल तर चिमट्याने कातडीच्या अगदी लगत पकडून सरळ वर ओढा. तेल लावणं, काडी पेटवून चटका देणं हे प्रकार नकोत. पुढच्या काही दिवसांत ताप किंवा चट्टा आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आवर्जून सांगा.

शेवटचा फोन कार्यालयाला: सगळे बाहेर पडलो. वाटेत पडलेला फलक, वाहून गेलेली मोरी, अडकलेली फांदी दिसली असेल तर कक्ष क्रमांकासकट कळवा. माझ्या बावीस जणांनी त्या पहिल्या दिवशी एक तुटकी मोरी बघितली होती आणि मी ती कळवली नव्हती. पुढच्या खेपेला आमचीच बस तिच्यात अडकली.